पहिली बसकण सुताराची

१

विमानाच्या नाकावरची ताडपत्री इम्तियाज मिस्त्रीनं ओढली, आणि आत पंख्याच्या जागी पऱ्हाटीचा भारा निघाला.

भारा मोठ्या अकलेनं बांधलेला होता. कापसाची वाळकी झाडं सुतळीनं आवळून, डाव्या-उजव्या बाजूला सारखी लांब करून नाकाच्या दांड्याला अडकवली होती. वरून ताडपत्री टाकली की खाली साडेचार हातांचा लाकडी पंखा शाबूत आहे, असंच कोणालाही वाटावं. मिस्त्री त्या भाऱ्याकडं बघत राहिला. मग तो लंगडत मागं सरला आणि तेलाच्या डब्यावर बसला.

सन एकतीसचा पौष महिना होता. कापसाचा भाव असा आपटला होता की ढाणकीचं जिनिंग दोन हंगाम बंद होतं. त्या रिकाम्या शेडमध्ये मिस्त्रीनं हे विमान बांधलं होतं. हा माणूस मोठ्या लढाईत बसऱ्याला फौजेच्या विमानांची इंजिनं दुरुस्त करून आलेला. परत आल्यावर त्यानं बांबू आणि कापडाचं बिनइंजिनाचं विमान केलं, पैनगंगेकाठच्या टेकडीवरून उडी घेतली, पाय मोडून घेतला आणि खाटेवर पडल्या पडल्या पुढच्या विमानाचा नकाशा काढला. ते विमान आता समोर उभं होतं. आज तिसऱ्या प्रहरी नागपूरकडच्या एका विमान क्लबचे दोन साहेब मोटारीनं बघायला येणार होते. उडालं तर तीन विमानांचं काम मिळणार आणि जिनिंगचा विमान कारखाना होणार. नाही उडालं तर उद्या मालकाची माणसं शेडचे पत्रे उतरवणार. तसा निरोपच आला होता.

बावीस वर्षं तुळसाबाई या जिनिंगात कापूस निवडणाऱ्या बायांची मुकादम होती. त्यातल्याच पंधरा बायांना बसवून तिनं विमानाच्या पंखांवर कापड शिवून घेतलं होतं. पत्रे उतरले की त्या पंधरा घरांच्या चुली कशावर पेटणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"नवा पंखा करायले किती दिवस लागतीन, मिस्त्री?"

"पंधरा. अन् आपल्यापाशी सात घंटे आहेत."

तुळसाबाईनं पदर खोचला. लोक तिला भांडणं मिटवायला बोलवत, कारण तिची नजर कापूस निवडणाऱ्याची होती. पांढऱ्यातलं पिवळं तिला आधी दिसायचं. ती विमानाभोवती फिरली.

पंखा धरून ठेवणारे सहा बोल्ट खाली एका चिंधीवर ओळीनं मांडलेले होते. पुसलेले, तेल लावलेले, आणि प्रत्येकाचं नट त्याच्या त्याच्यावर बोटानं फिरवून बसवलेलं. शेजारच्या खुंटीवर कालच्या पूजेचं हातसूत टांगलेलं होतं. तोडलेलं नव्हतं, सोडवलेलं होतं. त्याची आठाच्या आकड्यासारखी आडवी-उभी लडी घातली होती, आणि लडीवर तांबडे डाग होते.

"कुंकू लागलं वाट्टे," कोणीतरी म्हणालं.

तुळसाबाईनं लडी हुंगली आणि कमरेला खोचली.

"बाहेरचा चोर बोल्टाले तेल लावत नाही," ती म्हणाली. "काल आपल्यासंग पंगतीत बसला, त्याचं काम हाय हे."

२

काल दुपारचं सगळं तिला आठवत होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीला बाया शेतात सीतादहीची पूजा करतात, दहीभात शिंपडतात. तशीच पूजा विमानाच्या पहिल्या उडीलाही व्हावी, असा तिच्या बायांचा हट्ट होता. मिस्त्रीनं हो म्हटलं, पण एक अट घातली. विमानाच्या अंगाला काय लावायचं ते लावा, पंख्याला मात्र हळद नको, कुंकू नको, काहीच नको. गुंजभर वजन इकडचं तिकडं झालं की त्याचा तोल जातो. म्हणून बायांनी शेपटीला कुंकू लावलं, अंगाला हळद लावली आणि पंख्याच्या मधल्या दांड्यावर नुसतं एक कोरं सूत गुंडाळलं. तरी दही शिंपडताना एक थेंब उडून पंख्यावर पडलाच. मिस्त्री ओरडला. पंखा ज्यानं केला तो गोविंदा सुतार पुढं झाला आणि धोतराच्या सोग्यानं थेंब पुसू लागला.

त्यानंतर सगळे जिनिंगमागच्या कडुनिंबाखाली रोडगे आणि वांग्याची भाजी खायला गेले. शेड तासभर उघडी होती. पंगती उठल्यावर परत येऊन बघतात तर विमानाच्या नाकावर ताडपत्री घातलेली. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्या कोणी घातली असेल. दाराला कुलूप लागलं ते त्यानंतर.

म्हणजे चोरी झाली ती त्या तासाभरात.

तुळसाबाई पहिल्यांदा मिस्त्रीच्या घरी गेली. त्याची बायको मलिका ज्वारी पाखडत बसली होती. हे यंत्र एक दिवस माझ्या बांगड्या फोडणार, असं ती साऱ्या ढाणकीत सांगत आली होती. तुळसाबाईनं आडपडदा न ठेवता विचारलं.

मलिकाचं सूप थांबलं नाही. "मी असती तर पंखा कायले लपवला असता, बाई? चुलीत घातला असता. दोन टाइमचा सैपाक झाला असता त्याच्यावर." मग सूप थांबलं. "पण मी रोडगे भाजत होती. तूच तर गोवऱ्या देऊन राह्यलती मले."

ते खरंच होतं. मलिका तासभर विस्तवापुढून हलली नव्हती.

जिनिंगचा दिवाणजी सेवादास मात्र पंगतीला आलाच नव्हता. पत्रे उतरवायचा निरोप मालकाकडून त्यानंच आणला होता. तो कचेरीत दप्तराच्या पेट्या भरत होता. तुळसाबाईला बघून म्हणाला, "या मुकादमीनबाई. विमान घेऊन आल्या की नुसत्याच?"

तिनं टोमणा गिळला आणि पंगतीला का आला नाही ते विचारलं. ज्या लोकांच्या डोक्यावरचं छप्पर आपण काढणार त्यांच्या पंगतीत बसून घास उतरत नाही, असं तो म्हणाला. म्हणताना त्यानं मान खाली घातली, आणि तुळसाबाईला ते खोटं वाटलं नाही. मग त्यानं आपणहून एक गोष्ट सांगितली. या खिडकीतून शेडचं दार दिसतं. पहिली पंगत बसली असताना त्यानं एका माणसाला आत जाताना पाहिलं होतं.

"कोणाले?"

"तुमच्या फिटरले. प्रेमसिंगले. हातात डबा होता त्याच्या."

३

प्रेमसिंग जवळच्या तांड्यावरचा. इंजिनाचं सगळं काम त्याच्या हातचं. पहिली उडी आपल्याला घेऊ द्या, म्हणून तो महिनाभर मिस्त्रीच्या मागं लागला होता. मिस्त्रीनं साफ नाही म्हटलं होतं. इंजिन तुझं, पण पहिली हाडं माझी मोडली पाहिजेत, असं त्याचं म्हणणं.

तुळसाबाई समोर उभी राहिली तेव्हा प्रेमसिंगचे डोळे लाल होते; सकाळपासून सगळे त्याच्याचकडं बोट दाखवत होते.

"याडी, तू पण?" तो म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि तो तिला पहिल्यापासून तेच म्हणायचा. "मी पेट्रोलचा डबा न्यायले गेलतो. उमरखेडले जायचं होतं. डबा घेतला अन् निंघालो."

"आत काय पाह्यलं?"

"काय पाहीन? विमान होतं. नाकावर ताडपत्री होती."

"तवाच?"

"हो. मले वाटलं, मिस्त्रीनं घातली."

तुळसाबाई मनात हिशेब जुळवू लागली. पहिली पंगत बसलेली असतानाच ताडपत्री पडली होती. म्हणजे पंखा त्याच्याही आधी निघाला होता. पहिल्या पंगतीत कोण नव्हतं? सेवादास नव्हता. आणि गोविंदा दुसऱ्या पंगतीला आला होता, हातपाय धुऊन.

पण गोविंदा कशाला करील? पंखा त्याचा. मिस्त्रीनं साहेबांना चिठ्ठीत लिहून पाठवलं होतं की आमच्या गोविंदाचा पंखा विलायतेच्या तोडीचा आहे. ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली तेव्हा गोविंदा आठ दिवस हवेत चालत होता. शिवाय दोन महिने तो एकच गोष्ट सांगत फिरायचा. नव्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, मालकाच्या आधी सुतार बसतो, तशी इकडची रीत. पहिली बसकण सुताराची. ज्यानं चाक केलं त्यानं त्यावर आधी आपला जीव ठेवायचा, मग मालकानं. गोविंदानं चाळीस बंड्या केल्या होत्या आणि चाळीसही बंड्यांत तो आधी बसला होता. विमानातही मागची जागा आपली, असं त्यानं कधीच ठरवून टाकलं होतं.

ती त्याच्या कामठ्यावर, सुतारकामाच्या मांडवात, गेली. गोविंदा सागाच्या फळीवर वाकला होता. गेरूत भिजवलेली दोरी फळीवर ताणून त्यानं टणकन सोडली आणि तांबडी सरळ रेघ उमटली. मग बोलता बोलता त्यानं ती दोरी अंगठ्यावर आणि करंगळीवर आडवी-उभी गुंडाळायला घेतली.

"काय करून राह्यला, गोविंदा?"

"नवा पंखा. पंधरा दिवसात देतो म्हणा मिस्त्रीले."

"अन् जुना आज सापडला तर? बसशीन ना मागं?"

गोविंदाची दोरी थांबली. "मी कायले बसू, बाई. मले चक्कर येते उंचावर."

आडात उतरून रहाटाची लाकडं बसवणारा माणूस होता तो, ताडावर चढून ताडगोळे उतरवणारा. त्याला चक्कर कधीपासून येऊ लागली?

तेवढ्यात जिनिंगकडून एक बाई धावत आली. मोटार उमरखेडहून निघाल्याचा सांगावा आला होता. साहेब तीनला नाही, दीडलाच पोचणार होते.

४

तुळसाबाई शेडमध्ये परतली तेव्हा लोक विहिरीत गळ टाकत होते, कडब्याच्या गंज्या उपसत होते. तिनं कोणाला काही विचारलं नाही. साडेचार हातांची वस्तू भर दुपारी गावातून कोणी नेऊ शकत नाही. ती इथंच असणार.

शेडच्या दुसऱ्या टोकाला न विकलेला कापूस पडला होता, छातीभर उंचीचा, दोन हंगामांचा. अशा ढिगाचा वरचा थर धुळीनं मातकट होतो आणि आतला तसाच पांढरा राहतो. बाकीच्यांनी त्या ढिगात काठ्या खुपसून पाहिल्या होत्या आणि सोडून दिला होता. तुळसाबाई नुसती उभी राहून रंग बघत होती. भिंतीकडच्या अंगाला, पोत्याएवढ्या जागेत, कापूस दुधासारखा पांढरा होता. तिथं आतला कापूस वर आला होता.

तिनं खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना गुळगुळीत लाकूड लागलं.

काय तो गलका उठला. बायांनी पंखा ओढून काढला. प्रेमसिंगनं तो डोक्यावर घेतला आणि नाचतच विमानापाशी आणला. मिस्त्रीनं त्यावरून हात फिरवला. कुठं ओरखडा नव्हता, टवका नव्हता. त्याचे डोळे भरले. सेवादाससुद्धा कचेरीतून धावत आला.

"बोल्ट आण," मिस्त्री प्रेमसिंगला म्हणाला. "चोराले मंग पाहू. आधी उडू."

पंखा दांड्यावर चढला. पहिला बोल्ट बसला, दुसरा बसला. सगळ्या शेडमध्ये एकच माणूस हसत नव्हता. गोविंदा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि त्याचे ओठ कापसासारखे पांढरे पडले होते.

बाहेर, गावाच्या रस्त्यावर, मोटारीचा भोंगा वाजला.

"थांबा," तुळसाबाई म्हणाली. "तो पंखा उतरवा."

५

मिस्त्रीला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तुळसाबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती दाराकडं बघून म्हणाली, "गोविंदा, रीत तुझीच हाय. पहिली बसकण सुताराची. चाल, चढ मागं. तू बसला तर मी काहीच बोलत नाही."

गोविंदा एक पाऊल पुढं आला. मग तो तिथंच जमिनीवर बसला.

तेव्हा तुळसाबाईनं कमरेची लडी काढून सगळ्यांसमोर धरली आणि सांगू लागली. पूजेचं सूत चोरानं तोडलं नाही, कारण त्याला देवाचं भय होतं आणि विमानाचा लोभही होता. सूत बाई गुंडाळते तेव्हा गोल गुंडी करते. अंगठ्या-करंगळीवर अशी लडी घालतो तो सुतार, दोरीनं रेघा मारणारा. हाताची सवय चोरी करतानाही सुटत नाही. आणि हे तांबडं कुंकू नव्हे. पंख्याला कुंकू लावू दिलंच नव्हतं. हा गेरू आहे, त्याच्या बोटांचा.

"पण कायले?" प्रेमसिंग म्हणाला. "सोताचाच पंखा?"

"ते दह्याच्या थेंबाले विचार." ती मिस्त्रीकडं वळली. "काल एक थेंब उडाला. हा पुसाले गेला. एक थेंब पुसाले किती वेळ लागते? मलिकानं जेवाले दोन हाका मारल्या तरी हा तिथंच. अन् त्याच्यानंतर यानं मागच्या जागेचं नाव काढलं नाही. दोन महिने ज्यानं आपले कान किटवले तो आज म्हणते, मले चक्कर येते. आपल्या हातच्या वस्तूत सुतार बसत नाही म्हणजे काय, ते मी सांगू?"

तिनं लोटा घेतला आणि पंख्याच्या मधल्या भागावर पाण्याची बारीक धार धरली. पाणी लाखेच्या चकाकीवरून घरंगळलं. पण दांड्यापासून वीतभर अंतरावर केसाएवढी एक रेघ होती. तिथं पाणी थांबलं, आणि लाकडानं ते पिऊन टाकलं.

मिस्त्रीनं पंखा उतरवून घेतला. एक टोक जमिनीला टेकवलं, रेघेवर गुडघा ठेवला आणि दाबला. वाळकी शेंग फुटावी तसा आवाज आला. सागाच्या चिकटवलेल्या दोन फळ्या एकमेकींपासून सुटल्या.

वर दोनशे हातांवर हे झालं असतं तर काय, ते सगळ्यांना दिसलं. मलिकानं भिंतीचा आधार घेतला.

"सरस," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "मुंबईच्या डब्यातला नाही वापरला तू."

गोविंदानं मान हलवली. डब्यातल्या सरसाला ना वास ना तार. त्याच्या बापाच्या हातचा सरस चाळीस बंड्यांना चालला होता. त्यानं गुपचूप तोच कढवून लावला. काल थेंब पुसताना तो एका रेघेत जिरताना त्याला दिसला. सांगायला तोंड नव्हतं. विलायतेच्या तोडीचा म्हणून चिठ्ठी गेलेली. त्याला वाटलं, पंखा गेला की उडी टळेल, पंधरा दिवसांत दुसरा करून देऊ, कोणाला कळणार नाही.

"तू मिस्त्रीचा जीव वाचवला, हे खरं," तुळसाबाई म्हणाली. "पण तोंड न उघडून आमचे पत्रे घालवत होता. आता बोल. उडता येईन असं काही तुझ्यापाशी हाय का?"

गोविंदानं डोळे पुसले. त्यानं मिस्त्रीच्या लंगड्या पायाकडं पाहिलं.

"दिवाळीचा," तो म्हणाला. "दिवाळीचा हाय ना."

६

दिवाळीत इंजिन जमिनीवर चालवून बघायला एक पहिला पंखा केला होता, मिस्त्रीनं शेजारी बसून डब्यातला सरस लावून घेतलेला. दगड उडून त्याचं एक टोक फुटलं, म्हणून तो बाजूला पडला, आणि मिस्त्रीच्या समजुतीनं तो कधीच चुलीत गेला होता. आता तो गोविंदाच्या घरात आडवा टांगलेला होता आणि त्याच्या बायकोनं त्यावर लसणाच्या जुड्या वाळत घातल्या होत्या.

मोटार दारात उभी राहिली. सेवादासनं साहेबांना आपल्या कचेरीत नेलं, पेट्यांतून कपबशा काढल्या आणि चहावर चहा पाजला. पत्रे उतरवायचा निरोप आणणारा माणूस त्या दिवशी साहेबांना जिनिंगचा सगळा इतिहास सांगत बसला.

इकडं गोविंदानं दोन्ही टोकं सारखी कापली. पंखा एका सळईवर घालून सळई दोन सुऱ्यांच्या धारेवर ठेवली. डावं अंग खाली गेलं. दोनदा रंधा फिरवला. आता उजवं गेलं. तुळसाबाईनं डाव्या टोकावर एक गुंज ठेवली, दुसरी ठेवली, आणि पंखा आडवा होऊन थांबला. गोविंदानं दोन गुंजांएवढं लाकूड उजव्या अंगानं खरडून काढलं आणि गुंजा उचलल्या. पंखा हलला नाही.

मिस्त्रीनं लोटाभर पाणी प्रत्येक सांध्यावर ओतलं. कुठंच जिरलं नाही. त्यानं गुडघा टेकवून दाबलं, मग प्रेमसिंगनं दाबलं, मग दोघांनी मिळून. लाकूड कुरकुरलंसुद्धा नाही.

विमान मैदानात नेलं. शेपटीची दोरी कापूस तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याला अडकवली आणि काटा कडुनिंबाला बांधला. प्रेमसिंगनं पंख्याला झटका दिला. इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं, आणि मग अशी डरकाळी फुटली की आसपासच्या कोंबड्या फडफडत पळाल्या. काट्यानं साडेतीन मण ओढ दाखवली. मिस्त्रीला तीन पुरे होती.

तो पुढच्या जागेवर बसला, चष्मा चढवला आणि मागं वळून पाहिलं. मागची जागा रिकामी होती. गोविंदा पंखाच्या टोकापाशी हात जोडून उभा होता.

"काय पाहून राह्यला?" मिस्त्री ओरडला. "रीत मोडतं काय माह्यासाठी?"

गोविंदा चढला. तुळसाबाईनं पूजेचं सूत, गेरूसकट, त्याच्या मनगटाला बांधलं.

दोरी सुटली. विमान उसळ्या घेत धावलं, शंभर हात, दोनशे हात. मलिकानं डोळे मिटले होते. तुळसाबाईनं मिटले नाहीत. तिनं चाकांकडं नजर लावली होती, आणि म्हणून चाकांखाली पहिल्यांदा उजेड तिला दिसला. बोटभर. मग हातभर. मग बाभळीच्या शेंड्यावरून विमान गेलं, आणि मैदानात बघायला जमलेल्या हजारभर माणसांच्या तोंडातून शब्द फुटला नाही, नुसता श्वास सुटला. पैनगंगेकडं जाऊन ते वळलं. तुळसाबाईच्या बायांनी शिवलेले पंख उन्हात पिवळे दिसत होते. एकही टाका उसवला नव्हता.

खाली उतरल्यावर साहेबांनी मिस्त्रीचा हात दोन्ही हातांनी धरला. मग मागं बसलेल्या धोतरवाल्या माणसाकडं बोट करून विचारलं, हा कोण, दुसरा वैमानिक का?

"तो पंख्याचा जामीन," मिस्त्री म्हणाला.

रीत समजावून सांगितल्यावर थोरले साहेब मोठ्यानं हसले आणि म्हणाले, आमच्या तिन्ही विमानांत हा जामीन आधी बसला पाहिजे. सेवादासनं ते ऐकलं आणि तो तारघराकडं धावत सुटला. पत्रे उतरवणारे उमरखेडहून निघायच्या आत मालकाला तार जायला हवी होती.

गोविंदा अजून खाली उतरला नव्हता. तुळसाबाईनं हात दिला तेव्हा उतरला.

"सरसाचं काय आता?" तिनं विचारलं.

"बंडीले माह्या बापाचा. विमानाले डब्यातला."

"अन् वरून काय दिसलं?"

त्यानं मनगटावरचं सूत चाचपलं. "नदी दिसली. तांडा दिसला. पण लय लांबून दिसते ते जिनिंगचे पत्रे, बाई. चमकून राह्यलेत नुसते."

तुळसाबाईनं शेडच्या छपराकडं एकदा पाहिलं. मग ती बायांकडं वळली आणि म्हणाली, उद्या सकाळी सुया घेऊन या.